डिस्कलेस संगणकांचे पत्तावाटप

हार्डडिस्क नसलेल्या संगणकाला सुरू होताना आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) द्यायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठून उचलायची ते सांगायचे, ही नेटवर्कवरील सर्व्हरची एक सेवा आहे. कॉलेजची लॅब, कॉम्प्युटर क्लास किंवा महापे-ऐरोलीकडच्या कार्यालयांत ओळीने मांडलेले थिन क्लायंट (सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे संगणक) अशा ठिकाणी ती उपयोगी पडते, कारण सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी बदलले की काम भागते.

खरी अडचण सुरुवातीलाच असते. बटण दाबल्यावर यंत्राला फक्त नेटवर्क कार्डावर कोरलेला ४८ बिटांचा मॅक क्रमांक ठाऊक असतो. स्वतःचा पत्ता माहीत नाही, सर्व्हरचाही नाही. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारते.

या हाकेला उत्तर देण्याची पहिली प्रमाणित रीत आरएआरपी (रिव्हर्स अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल), जून १९८४ ची. सर्व्हरकडे मॅक आणि आयपी यांची यादी असे, त्यातून तो पत्ता सांगे. पण पत्त्यापलीकडे काही नाही, आणि ही हाक राउटर ओलांडत नसल्याने प्रत्येक सेगमेंटला, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक भागाला, वेगळा सर्व्हर लागे. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी मांडलेल्या बूटपी (बूटस्ट्रॅप प्रोटोकॉल) या रीतीने दोन्ही उणिवा भरून काढल्या. उत्तरातच बूट फाइलचे (यंत्र सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचे) नाव येऊ लागले आणि हाक पुढे पोचवणाऱ्या रिले एजंटमुळे ती दुसऱ्या सेगमेंटवर पोचू लागली. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपी (डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल) या रीतीने पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोय केली, तीही बूटपीच्याच पाकिटाच्या ढाच्यात आणि त्याच ६७ व ६८ क्रमांकांच्या पोर्टांवर. इंटेलच्या पीएक्सई (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याचे प्रमाण) ने पुढे ही सारी प्रक्रिया नेटवर्क कार्डाच्या रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीत, बसवली.

समजा, ऐरोलीतल्या एका लॅबमध्ये ४० यंत्रे आहेत. एक सुरू केले की काळ्या स्क्रीनवर मॅक क्रमांक येतो आणि ‘डीएचसीपी’पुढे टिंबे सरकू लागतात. यंत्र ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांना, विचारणा पाठवते. सर्व्हर देऊ केलेला पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.४१, कळवतो, यंत्र तोच मागून घेते, सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. त्याच उत्तरातून बूट फाइल कुठे आहे तेही कळते, आणि ती टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या रीतीने छोट्या तुकड्यांत (मुळात ५१२ बाइटांच्या) खाली उतरते. वीज जाऊन आली की चाळीसही यंत्रे एकदम मागायला लागतात, तेव्हा पत्तावाटप सहज निभते. ताण येतो तो फाइल पुरवताना.

डिस्कलेस यंत्रांना पत्ते मॅकनुसार कायमचे बांधून द्यावेत, हे उत्तम. त्यासाठी टेबलाखाली वाकून स्टिकर वाचत यादी करावी लागते, पण ती मेहनत वाया जात नाही. बूटवेळी पत्ता घेणारा छोटा प्रोग्रॅम पुढे भाडेपट्टा वाढवतोच असे नाही. मुदत संपली की सर्व्हर तो पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो, आणि पहिले यंत्र मात्र त्याच पत्त्यावरून आपली फाइल सिस्टिम वाचत असते. मग दोन्ही यंत्रे कधी चालतात, कधी गोठतात, आणि दोष केबलवर ढकलला जातो.

दुसरा नेहमीचा घोळ स्विचचा, म्हणजे यंत्रांच्या केबली जोडणाऱ्या पेटीचा. स्पॅनिंग ट्री (केबलींचे वर्तुळ होऊ नये म्हणून घेतलेली खबरदारी) चालू असेल तर केबलमध्ये जीव आल्यावरही स्विचचे पोर्ट (केबलची जागा) सुमारे ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही. काही बूट रॉम तेवढ्यात हात टेकतात. अशा पोर्टांवर ही थांबण्याची वेळ टाळणारी पोर्टफास्ट सोय लावतात.

कोणी घरचा वायफाय राउटर आणून स्विचला उलटा (त्याच्या लॅन पोर्टाने) जोडला, तर तोही उत्साहाने पत्ते वाटू लागतो. त्याच्याकडे बूट फाइलचे नाव नसते, म्हणून यंत्र ‘पीएक्सई-ई५३’ ही चूक दाखवून थांबते. अधिकृत सर्व्हर ज्या पोर्टाला जोडलेला आहे तेवढ्यावरूनच उत्तरे येऊ देणारी डीएचसीपी स्नूपिंग ही सोय त्यासाठीच असते. व्यवस्थापनाची सोय असलेल्या बहुतेक स्विचमध्ये ती मिळते, स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये नाही.