सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट का दुखतं?

तालुक्याला जाऊन सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, सगळं नॉर्मल निघालं. पोट मात्र दुखतंच. मग घरातच कोणीतरी म्हणतं, ‘दुखणं पोटात नाही, तुह्या डोक्शात हाय.’ हे साफ चूक आहे. दुखणं खरं असतं. फक्त बिघाड सोनोग्राफीत दिसण्याइतका मोठा नसतो. तो बहुतेकदा आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर, आयन चॅनेल नावाच्या प्रथिनांत असतो.

पेशीबाहेर एका लिटरमागे साधारण 145 मिलिमोल सोडियम असतं, पेशीच्या आत फक्त 10 ते 15. पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं आयन चॅनेल उघडलं की सोडियम, कॅल्शियम आत घुसतात. आतला विद्युतदाब ठरावीक पातळीच्या वर गेला की कळेचा संदेश मज्जारज्जूकडे सुटतो. कोणतं चॅनेल कशाने उघडतं, हे ठरलेलं असतं. पिएझो-2 ताणाने उघडतं, म्हणजे गॅसने आतडं फुगलं की. टीआरपीव्ही-1 उघडतं 43 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने, आम्लाने आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनने. भिवापुरी मिरचीचा ठेचा थंडगार असला तरी तोंड ‘भाजतं’ ते याच चॅनेलमुळे. ते 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. पिएझो चॅनेल 2010 मध्ये आर्डेम पाटापूटियन यांच्या गटाने शोधली. दोघांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

आता बिघाड कसा होतो ते पाहू. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून जुलाब-मुरडा होतो आणि आठवड्याभरात बराही होतो. पण अशा दहा जणांपैकी साधारण एकाला पुढे कित्येक महिने पोटदुखी राहते. संसर्गाच्या वेळी आतड्यात हिस्टामीन, ब्रॅडीकायनिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे टीआरपीव्ही-1 वर फॉस्फेट चिकटतं आणि उघडण्याची पातळी खाली येते. 43 अंशांना उघडणारं चॅनेल शरीराच्या नेहमीच्या 37 अंशांनाही उघडू लागतं. जंतू गेले तरी ही हुळहुळी टिकून राहू शकते. तपासण्या नॉर्मल असूनही राहणाऱ्या अशा जुन्या पोटदुखीला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. 2008 साली लंडनच्या संशोधकांनी तिच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातले तुकडे तपासले. टीआरपीव्ही-1 असलेले तंतू निरोगी माणसांच्या साडेतीन पट निघाले, आणि जितके तंतू जास्त तितकी पोटदुखी जास्त, असंही दिसलं.

मिरचीचा हिशोब इथे जरा वेगळा आहे. रोज तर्री खाणाऱ्याला ती सोसते, कारण वारंवार उघडलेलं चॅनेल आत आलेल्या कॅल्शियममुळे बधिर होतं. हुळहुळ्या आतड्यात मात्र हे बधिरपण येण्याआधीच कळ येते. म्हणून जुलाबानंतर दोन-तीन आठवडे ठेचा, तर्री बंद ठेवावी आणि नंतर थोडी थोडी वाढवावी.

दवाखान्यात गेलं की डायक्लोफेनॅकची सुई मागायची, ही आपल्याकडची सवय या दुखण्यात घातकच आहे. ती प्रोस्टाग्लँडिन थांबवते, पण हिस्टामीनसारखी बाकीची रसायनं चालूच राहतात. शिवाय जठराच्या अस्तराला प्रोस्टाग्लँडिनचंच संरक्षण असतं. ते गेलं की अल्सर होऊ शकतो आणि एका दुखण्याची दोन होतात. मेळघाटात बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देतात, त्या डंब्याने तर कातडीतलं टीआरपीव्ही-1 उघडतं. बाळाला नवी वेदना आणि जखम मिळते, आतड्याला काहीच मिळत नाही.

उपयोग होतो तो वेगळ्या औषधांचा. पेपरमिंट तेलाची आवरण असलेली कॅप्सूल आतड्याच्या स्नायूंतली कॅल्शियम चॅनेल रोखते आणि आवळ सैल होतो. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, चावू नये. सोबत अँटासिड घेतलं तर आवरण जठरातच विरघळतं आणि छातीत जळजळ होते. ॲमिट्रिप्टिलीन हे नैराश्याचं जुनं औषध सोडियम चॅनेलही रोखतं. ब्रिटनमधल्या 463 रुग्णांच्या चाचणीत (2023) रात्री 10 ते 30 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेने औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा जास्त आराम पडला. तोंड कोरडं पडतं, झोप येते. ते डॉक्टरांनीच सुरू करावं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देणारेच जास्त, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मात्र प्रत्येक जुनी पोटदुखी चॅनेलची नसते. शौचात रक्त, घटतं वजन, झोपेतून उठवणारी कळ, ताप, अंगात रक्त कमी असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही असलं तर आधी मोठ्या दवाखान्यात तपासणी करावी. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. पोटाची कळ हातापायांच्या, पाठीच्या दुखण्यासोबत येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली चाचणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिससारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी करावीच लागते, कारण पहिल्या चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही.