२१ जूनला सावली दक्षिणेकडे पडते

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी २१ जूनच्या सकाळी एक संदेश येतो. आधी योग दिनाच्या शुभेच्छा, मग जागतिक संगीत दिनाच्या, आणि खाली हसऱ्या सूर्याच्या चित्रासोबत तीन ओळी: ‘आज वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आज सूर्य सर्वांत लवकर उगवतो आणि सर्वांत उशिरा मावळतो. आज भर दुपारी आपली सावली नाहीशी होते.’ पहिली ओळ बरोबर आहे. पुढच्या दोन्ही ओळी आपल्याकडे खोट्या ठरतात, आणि त्या का खोट्या ठरतात हे मला इतकं आवडतं की या वर्षी ते सविस्तर लिहायचंच ठरवलं.

या एका तारखेवर जगभरातल्या दिवसांची गर्दी आहे. आंतरराष्ट्रीय योग दिन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणूनच ही तारीख सुचवली गेली होती. संगीत दिन १९८२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला, तोही मुद्दाम याच मुहूर्तावर, कारण युरोपात तेव्हा रात्री उशिरापर्यंत उजेड असतो आणि माणसं रस्त्यावर येऊन गातात-वाजवतात. समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्यांचा जागतिक हायड्रोग्राफी दिन मात्र केवळ योगायोगाने इथे आला: त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था २१ जून १९२१ रोजी स्थापन झाली होती. जूनचा तिसरा रविवार २१ तारखेला आला की पितृदिनही त्यातच, जसा २०२० मध्ये आला होता.

म्हणजे यातले काही दिवस सूर्याकडे बघून ठरले, काही तसेच पडले. सूर्य मात्र सगळ्यांसाठी सारखा नसतो. माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिच्याकडे २१ जून हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, जेमतेम साडेनऊ तासांचा. पुण्यात तो सव्वातेरा तासांचा असतो आणि लंडनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा. ‘आज वैश्विक ऊर्जा सर्वाधिक असते, म्हणून आज केलेल्या साधनेचं फळ दुप्पट’ असंही काही जण लिहितात. मग मेलबर्नच्या माणसाने काय करायचं? आसनं आणि प्राणायाम नियमाने केले तर शरीराला फायदा होतो, त्यासाठी पृथ्वीचा अक्ष कुठे कललाय हे बघावं लागत नाही.

आता सावलीकडे येऊ.

पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश उत्तरेपर्यंत जातो आणि तितकाच दक्षिणेला. २१ जूनला तो उत्तरेच्या टोकाला, म्हणजे कर्कवृत्तावर असतो. कर्कवृत्त भोपाळच्या किंचित उत्तरेकडून जातं. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या दक्षिणेला. म्हणजे सूर्य उत्तरेकडे जाताना आपल्या डोक्यावरून आधीच निघून गेलेला असतो: पणजीवरून मेच्या सुरुवातीला, पुणे-मुंबईवरून मेच्या मध्यावर, नागपूरवरून मेच्या शेवटच्या आठवड्यात. सावली नाहीशी होण्याचे आपले दिवस तेच. परतताना जुलै-ऑगस्टमध्ये ते पुन्हा येतात, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

मग २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते! वर्षातले बहुतेक महिने आपली दुपारची सावली उत्तरेकडे असते, म्हणून हे प्रत्यक्ष बघताना विलक्षण वाटतं. मी एका वर्षी गच्चीवर बघितलं. एक मीटरची लाकडी पट्टी मातीने भरलेल्या कुंडीत खोचली, ओळंबा लावून सरळ केली आणि खाली पांढरा कागद पसरला. सकाळपासून आभाळ भरलेलं. बाराच्या सुमारास दहा मिनिटं उघडलं, तेव्हा सावली पश्चिमेकडे झुकलेली आणि वीतभराहून थोडी कमी होती. पुन्हा ढग आले. साडेबारानंतर परत ऊन पडलं आणि मी दर दोन मिनिटांनी पेन्सिलने खूण करत गेले. १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास सावली सर्वांत आखूड झाली: साडेआठ सेंटिमीटर, आणि तोंड सरळ दक्षिणेकडे. टोकाला ती थोडी धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. शेजारच्या काकू पापड आत न्यायला वर आल्या होत्या, त्या बराच वेळ कागदाकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, या दिवसांतच सकाळचं ऊन ओट्यापर्यंत येतं. तरीच!’ अगदी बरोबर. या दिवसांत सूर्य पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला उगवतो.

पण माझा खरा जीव आहे तो दुसऱ्या ओळीत, लवकर उगवण्याच्या आणि उशिरा मावळण्याच्या गोष्टीत. दिवस सर्वांत मोठा म्हणजे उगवणं सर्वांत लवकर आणि मावळणं सर्वांत उशिरा असणारच, असं कुणालाही वाटेल. मलाही कॉलेजपर्यंत वाटत होतं. प्रत्यक्षात पुण्यात सूर्य सर्वांत लवकर उगवतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, ५:५७ च्या आसपास. २१ जूनपर्यंत सूर्योदय दोन मिनिटांनी पुढे सरकलेला असतो. आणि सर्वांत उशिरा सूर्यास्त होतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, साधारण सव्वासातला, तोवर दिवस लहान व्हायला लागलेला असूनही.

याचं कारण असं की दिवसाची मधली रेघच सरकते. सूर्य सर्वांत उंचावर येतो तो क्षण, म्हणजे खरा मध्यान्ह, पुण्यात ५ जूनला १२:३३ ला येतो, २१ जूनला १२:३६ ला आणि ७ जुलैला १२:३९ ला. मध्यान्ह पुढे सरकला की उगवणं आणि मावळणं दोन्ही त्याच्यासोबत पुढे जातात. एरवी हे लक्षात येत नाही, कारण मार्चमध्ये दिवसच रोज मिनिटभराने वाढत असतो. २१ जूनच्या आसपास मात्र दिवसाची लांबी जवळपास थबकलेली असते, रोजचा फरक सेकंद-दोन सेकंदांचा. मग मध्यान्हाची रोजची १३ सेकंदांची चाल जिंकते.

हे १३ सेकंद येतात कुठून? इथे थोडा धीर धरा.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते. पण तेवढ्या वेळात सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो, म्हणून त्याला पुन्हा समोर आणायला पृथ्वीला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. तेव्हा कुठे २४ तास होतात. सूर्याचं हे रोजचं पाऊल वर्षभर सारखं असतं, तर मध्यान्ह कधीच सरकला नसता. ते सारखं नसतं, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कक्षेचं. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब असते, १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. (उन्हाळा सूर्य जवळ आल्याने होतो ही समजूत इथेच संपते.) लांब असताना ती सावकाश चालते, त्यामुळे सूर्याचं पाऊलही छोटं पडतं, ०.९८६ अंशांऐवजी ०.९५३. एवढंच असतं तर मध्यान्ह रोज ८ सेकंद लवकर यायला हवा होता.

दुसरं कारण कलण्याचं. सोललेली मोसंबी देठ वर करून हातात धरा. फोडींच्या रेषा देठापासून बुडापर्यंत जातात. मधोमध फोड रुंद, देठाकडे निमुळती. आता मोसंबीवर तिरका रबरबँड चढवा आणि त्यावरून एक मुंगी चालवा. रबरबँड मोसंबीची मधली आडवी रेषा जिथे ओलांडतो तिथे मुंगी तिरकी चढते किंवा उतरते, तिची अर्धीमुर्धी चाल वर-खाली जाण्यात खर्च होते आणि फोडी कमी ओलांडल्या जातात. पण रबरबँड जिथे सर्वांत वर पोचतो, तिथे मुंगी फोडींना थेट आडवी जात असते, आणि फोडी तिथे अरुंदही असतात. तेवढ्याच पावलांत ती जास्त फोडी ओलांडते. सूर्य ही ती मुंगी, फोडी म्हणजे पृथ्वीला किती फिरावं लागेल याचं माप, आणि २१ जून ही ती सर्वांत वरची जागा. साडेतेवीस अंशांवर फोडी इतक्या अरुंद असतात की पाऊल नऊ टक्क्यांनी मोठं मोजलं जातं. पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं आणि मध्यान्ह २१ सेकंद उशिरा येतो.

एकवीसमधून आठ गेले, राहिले तेरा. वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब पहिल्यांदा जुळला, तेव्हा मी आनंदाने घरभर फिरून सगळ्यांना सांगितलं होतं.

२१ जूनपासून सूर्य दक्षिणेकडे वळतो, म्हणजे हे खरं दक्षिणायन. पण पंचांगातली कर्क संक्रांत येते १६ जुलैच्या आसपास, आणि उत्तरायण लोक १४-१५ जानेवारीपासून धरतात. मधल्या साडेतीन आठवड्यांचं अंतर पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गिरकीमुळे पडलंय. ती सुमारे ७२ वर्षांना एक अंश सरकते. दक्षिणायनात अमुक कार्य करू नये, अशी भीती आजही घातली जाते. मुळात दक्षिणायन कधी लागतं यातच जर २५ दिवसांचा घोळ असेल, तर अशुभ नेमकं कोणत्या दिवसापासून मानायचं? सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर, त्यालाही हा फरक दिसला होता. आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात तो सांगतो की जुन्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या अर्ध्यावरून लिहिलंय, पण आता ते कर्क राशीच्या आरंभी होतं. हे पटवायला तो पोथीचा आधार देत नाही. दूरची एखादी खूण धरून सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते बघा, किंवा मोठं वर्तुळ आखून त्यात सावली कुठून शिरते, कुठून बाहेर पडते याच्या खुणा करा, असं तो सांगतो. माझ्या गच्चीवरच्या कुंडीपट्टीचा वंश इतका जुना आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर मध्यान्हाची वेळ लक्षात ठेवा: मुंबईत १२:४०, पुण्यात १२:३६, नागपुरात १२:१५. एक मीटरच्या काठीची सावली नागपुरात चार सेंटिमीटर पडेल, मुंबईत साडेसात, सोलापुरात दहा, पणजीत चौदा. सगळीकडे दक्षिणेला. २१ तारखेला पाऊस असेल तर वाईट वाटून घेऊ नका. सूर्य तिथे इतका थबकलेला असतो की २८ जूनला बघितलंत तरी सावलीत फरक पडतो तो फक्त तीन मिलिमीटरचा.