‘हलायचं नाही’ हे आलं कुठून?

“पंपिंग 30 टक्क्यांवर आलंय, आता हलायचं नाही.” मिरजेहून टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद घेऊन जत-आटपाडीकडे परतलेल्या पेशंटला घरचे हेच बजावतात. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा. पायरी चढू देत नाहीत, रानात तर नाहीच नाही. ही काळजी एकेकाळी डॉक्टरांचाच सल्ला होती.

हार्ट अटॅकनंतर खाटेवर पडून राहण्याची रीत जुनीच. 1939 मध्ये बोस्टनच्या मॅलरी आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांवरून हृदयाची जखम भरायला काही आठवडे लागतात असं दाखवलं आणि त्या रीतीला शास्त्राचा आधार मिळाला. 1952 मध्ये लेव्हाइन आणि लाऊन यांनी पेशंटला नुसतं खुर्चीत बसवलं, तेही तेव्हा धाडसच ठरलं. खरा धक्का 1966 च्या डलासमधल्या प्रयोगाने दिला. विशीतले पाच धडधाकट तरुण तीन आठवडे झोपवून ठेवले, तर त्यांचा दमसास पाव भागाहून जास्त घटला. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. वयानेही त्यांचं तेवढं नुकसान केलं नव्हतं!

हार्ट फेल्युअरवाल्यांना, म्हणजे ज्यांचं हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही त्यांना, मात्र व्यायामाची बंदी कायम राहिली. 1988 मध्ये ड्यूक विद्यापीठात अशा मोजक्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम दिला. पंपिंग फारसं वाढलं नाही, चालण्याची ताकद मात्र वाढली. धाप लागण्यात पायांच्या सुकलेल्या स्नायूंचाही वाटा असतो, हे तिथून उमगत गेलं. पुढे 2009 मध्ये 2331 पेशंटच्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ चाचणीने स्थिर पेशंटसाठी असा व्यायाम सुरक्षित असल्याचं दाखवलं. फायदा माफकच होता, घरी गेल्यावर सातत्य टिकलं नाही हे त्याचं एक कारण मानलं जातं. 2014 मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 35 टक्के वा त्याहून कमी पंपिंगच्या स्थिर पेशंटसाठी अशा व्यायामाचा खर्च मंजूर केला.

या व्यायामाची सुरुवात साध्या चाचणीने होते. तीस मीटरच्या सपाट व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. दम लागला तर थांबायचं, पण घड्याळ थांबत नाही. व्यायामाचा जोर त्यानंतर ठरतो. चालताना बोलता यावं, गाणं जमू नये, इतपत. पायाला सूज किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलेलं दिसलं, तर व्यायाम बंद आणि आधी डॉक्टर.

मिशनरी डॉक्टर वानलेसांनी 1894 मध्ये दवाखाना काढल्यापासून मिरजेला उपचारासाठी लांबून लोक येतात. पण अ‍ॅडमिट होऊन बरं होणं वेगळं आणि आठवड्यातून तीनदा एसटीने व्यायामाला येणं वेगळं. ब्रिटनमध्ये ‘रीच-एचएफ’ या उपक्रमाने बारा आठवड्यांचा व्यायामाचा कार्यक्रम पेशंटच्या घरीच नेला, घरच्या माणसालाही त्यात धरलं. जतच्या पेशंटला जमेल ते हेच. फक्त ‘हलू नका’ म्हणणाऱ्या त्या घरच्या माणसाला डॉक्टरांनी आधी समोर बसवायला हवं.