पार्श्वभूमी : एचआरटीची भीती आली कुठून?

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हार्मोन सुरू करायचे का, म्हणजेच एचआरटी (हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी) घ्यायची का, असा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘त्याने कॅन्सर होतो ना?’ रात्री तीन वाजता अंगातून वाफा निघून जागी होणारी, ओला गाऊन बदलून पुन्हा आडवी होणारी बाईही आधी हेच विचारते. झोप कधी लागेल, हा प्रश्न नंतरचा. या भीतीचा उगम बऱ्याच अंशी एका महिन्यात सापडतो, तो म्हणजे जुलै २००२.

त्याआधीचे थोडक्यात. स्त्रीच्या शरीरातल्या दोन मुख्य हार्मोनपैकी शुद्ध इस्ट्रोजेन १९२९ मध्ये हाती आले, प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली आणि साठच्या दशकात तीच गोळी तारुण्य टिकवणारी म्हणून खपवली गेली. १९७५ मध्ये दिसून आले की एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त होतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते आणि त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन लागते. म्हणून गर्भाशय असेल तर दोन्ही हार्मोन आणि पिशवी काढलेली असेल तर सहसा फक्त इस्ट्रोजेन, असा नियम झाला. आजही सुरुवातीला पिशवीबद्दल विचारतात ते यासाठीच.

एचआरटीमधल्या ‘आर’ने, म्हणजे ‘रिप्लेसमेंट’ या शब्दाने, बराच घोळ घातला आहे. थायरॉइड कमी पडले की गोळीने तेवढे भरून काढायचे, तसेच इथेही असेल असे ऐकणाऱ्याला वाटते. पण पन्नाशीच्या आसपास पाळी जाणे हा आजार नाही. या उपचारात तिशीतली हार्मोनची पातळी परत आणायची नसते, त्रास आटोक्यात येईल एवढाच डोस द्यायचा असतो. २००२ नंतर अनेक वैद्यकीय संस्थांनी ‘रिप्लेसमेंट’ गाळून ‘मेनोपॉजल हार्मोन थेरपी’ म्हणायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मात्र जुनाच शब्द रुळलेला राहिला. जिची पाळी चाळिशीच्या आतच थांबते तिच्या बाबतीत मात्र ‘रिप्लेसमेंट’ शब्दशः खरा आहे. जे शरीरात असायलाच हवे होते ते बाहेरून दिले जाते, आणि नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते घ्यावे असा सल्ला असतो. तिने पन्नाशीनंतरच्या बायकांचे आकडे वाचून घाबरू नये, हे तिला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. बहुतेकदा कोणी सांगत नाही.

आता २००२. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या निरीक्षणांत हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी दिसत होता. हा परिणाम हार्मोनचाच, की मुळात तब्येतीची काळजी घेणाऱ्या स्त्रियाच हार्मोन घेत होत्या? हे तपासायला अमेरिकेत सरकारी खर्चाने मोठी चाचणी उभी राहिली. दोन्ही हार्मोनच्या गटात १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. चाचणी साडेआठ वर्षे चालायची होती, पण सरासरी ५.२ वर्षांनी थांबवली. स्तनाच्या कॅन्सरसाठी आधीच आखून ठेवलेली धोक्याची रेषा ओलांडली गेली होती, आणि एकूण हिशेबात फायद्यापेक्षा तोटा जास्त दिसत होता. नियम आधी ठरलेला होता आणि तो पाळला गेला, त्यात खोट काढता येत नाही.

खोट होती ती सांगण्याच्या पद्धतीत. बातमी आधी फुटली, शोधनिबंध छापून नंतर आला. डॉक्टरांच्या हातात कागद पडण्याआधी त्यांचे फोन वाजू लागले. जगभर पोहोचला तो एक आकडा: स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. हाच निकाल असाही सांगता आला असता: दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना होणारा कॅन्सर ३८ जणींना झाला. पक्षाघात २१ वरून २९, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याच्या घटना ८ वरून १६. खुब्याचे फ्रॅक्चर मात्र १५ वरून १० वर आले, मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १०. मृत्यूंच्या संख्येत फरक नव्हता. हे आकडे त्याच निबंधात होते. घरोघरी पोहोचले ते २६ टक्के.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या स्त्रिया कोण होत्या? त्यांचे सरासरी वय ६३ होते. दोन तृतीयांश साठी ओलांडलेल्या होत्या, म्हणजे पाळी जाऊन दहा-दहा वर्षे झालेल्या. चाचणी हृदयविकार टाळता येतो का हे पाहत होती, वाफा थांबतात का हे नव्हे. तिचा निकाल पन्नाशीच्या, पाळी नुकतीच गेलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या बाईला जसाच्या तसा लावला गेला. २००३ मध्ये अमेरिकेत इस्ट्रोजेनच्या औषधांवर काळ्या चौकटीतला, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकावरचा सर्वांत कडक, इशारा आला. लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि त्यानंतर पाळी गेलेल्या एका अख्ख्या पिढीला उपचार विचारलेही गेले नाहीत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान हेच.

पुढे चित्र बदलत गेले. त्याच चाचणीचा फक्त इस्ट्रोजेनचा गट, पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा, २००४ मध्ये थांबवला गेला तो पक्षाघात वाढल्यामुळे. स्तनाचा कॅन्सर त्यात वाढलेला नव्हता, आणि दीर्घ पाठपुराव्यात तो कमीच भरला. वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरुवात केली तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी फायद्याचे पारडे जड, असे आज अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. गोळी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. पॅच किंवा जेल त्वचेतून थेट रक्तात उतरते, त्यामुळे नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका तसा वाढलेला दिसत नाही. धोका संपला असे मात्र नाही. २०१९ मधल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, पन्नाशीला सुरू करून दोन्ही हार्मोन रोज पाच वर्षे घेतले तर सत्तरीपर्यंत साधारण ५० जणींमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कॅन्सर होतो. हा आकडा लपवू नये, आणि २६ टक्क्यांसारखा एकटा सोडूही नये.

जुन्या भीतीचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो तो पहिल्या तीन महिन्यांत. वाफा आणि घाम काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, पूर्ण फरक कळायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात स्तन दुखतात, पोट फुगल्यासारखे वाटते, कधी मळमळ, कधी डोकेदुखी. मग एखाद्या सकाळी कपड्यावर रक्ताचा डाग दिसतो. पाळी जाऊन वर्ष उलटलेले असते आणि डोक्यात तो एक शब्द असतोच. खोक्यातला घडीचा कागद उलगडला जातो, बारीक टायपात कॅन्सर हा शब्द सापडतो आणि उपचार तिथेच थांबतो. दोन्ही हार्मोन रोज घेताना सुरुवातीचे काही महिने असे डाग दिसणे नेहमीचे आहे. सहा महिन्यांनंतरही रक्त जात राहिले, फार जास्त गेले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर तपासणी हवीच. हे पहिल्या दिवशी समोर बसवून सांगितले तर कितीतरी जणी उपचार अर्धवट सोडणार नाहीत. ज्यांची पाळी अजून अधूनमधून येते त्यांना सहसा महिन्यातले काही दिवसच प्रोजेस्टेरॉन देतात आणि त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो, तो अपेक्षितच असतो. या डोसने गर्भधारणा टळत नाही, हेही अनेकींना माहीत नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ ची ती काळी चौकट काढण्याचा निर्णय जाहीर केला. संपूर्ण शरीरावर काम करणाऱ्या एकट्या इस्ट्रोजेनसाठी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा इशारा तेवढा ठेवला, म्हणजे १९७५ मध्ये कळलेली गोष्ट. योनीच्या कोरडेपणासाठी लावायच्या कमी डोसच्या क्रीमवरही इतकी वर्षे तीच चौकट होती, जरी त्यातले इस्ट्रोजेन रक्तात जेमतेम उतरते.