शिष्यवृत्तीचा पैसा: विद्यार्थ्याच्या जेवणापासून कॉलेजच्या खात्यापर्यंत

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. निर्णय मोलाचाच आहे. पण बातमी झाली ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ अशी, आणि प्रवेशाच्या दिवशी कळलं की विकास शुल्क, खोलीचं भाडं, मेस आणि पुस्तकं यांतलं काहीच त्यात बसत नाही. असं का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे शिकणाऱ्याला सरकारी पैसा देण्याची जुनी वाट पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेतून येते. इंग्रजांनी ती रक्कम कमी केली, १८२१ मध्ये त्यातून पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे त्याच फंडातून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच. पैसा थेट शिकणाऱ्याच्या हातात पडत होता. मात्र तो कोणत्या घरांत जात होता, हे उघड होतं.

ते स्पष्ट बोलून दाखवलं जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच ती उत्तेजन देते. स्पर्धा परीक्षेने शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसलं तरी त्यातून इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलंच नाही अशा समाजांसाठी राखाव्यात, अशी त्यांची मागणी होती. नंतरचं सगळं धोरण या दोन-चार वाक्यांचं देणं लागतं, असं मला वाटतं.

फुल्यांची मागणी आधी उचलली ती संस्थानांनी. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं काय ही होती, हे महाराजांनी अचूक ओळखलं. त्याच कोल्हापुरातल्या बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्थेत वसतिगृह आणि ‘कमवा आणि शिका’ यांची जोड घातली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, तीही दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावं लागलं.

पैसा मध्येच थांबला की काय होतं, हे अनुभवलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला. बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीचा आग्रह धरला आणि वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४-४५ मध्ये सुरू झालेली ती योजना म्हणजे आजची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती. तिच्यात फीसोबत निर्वाह भत्ता होता.

जात न पाहता उत्पन्न पाहणारी मोठी सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांची फी सरकार भरू लागलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचं नाव या ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलतीशी कायम जोडलं जातं. ग्रामीण महाराष्ट्रातली एक पिढीच्या पिढी या सवलतीवर पदवीधर झाली. हे शक्य झालं, कारण कॉलेजं सरकारी किंवा अनुदानित होती आणि फी मुळातच थोडी होती.

गणित बदललं १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारी मुलं इथेच शिकू लागली, पण देणगीही आली. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठीच्या देणगीवर, बंदी घालणारा कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने अर्ध्या जागा ‘फ्री सीट’, म्हणजे गुणवत्तेवर कमी फीत मिळणाऱ्या, झाल्या. त्याच न्यायालयाच्या २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती व्यवस्था मोडली. मग फी ठरवायला समिती, २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण, आणि ठरलेल्या फीची सरकारकडून प्रतिपूर्ती. ईबीसी सवलत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती झाली, उत्पन्नाची मर्यादा आधी सहा आणि मग आठ लाखांवर गेली. मात्र व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही. प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतूनच हवा.

खरा ताण दिसतो तो कॉलेजच्या फी खिडकीवर. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, सगळी फाइल तयार असते. शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, असे सरकारी आदेश आहेत. तरी कित्येक ठिकाणी खिडकीतून उत्तर येतं, ‘आत्ता पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत करू.’ बाप सोसायटीकडे किंवा सावकाराकडे जातो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज स्क्रूटिनीत, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, हप्ता पुढच्या वर्षात. सरकारच्या दप्तरी त्या मुलीची फी माफ असते आणि घरात तिच्या नावाचं व्याज चालू असतं. हे मला अजिबात सहन होत नाही, कारण इथे योजना नवी लागत नाही, पैसा फक्त वेळेवर लागतो.

आणि निर्वाह भत्ता? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या नियमांनी वसतिगृहात राहणाऱ्याला जास्तीत जास्त वर्षाला १३,५०० रुपये ठरले, म्हणजे महिन्याला ११२५. पुण्यात एवढ्यात मेसचा महिनाही निघत नाही. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं की तेही जातं आणि फ्रीशिप या सवलतीत फक्त शुल्काची माफी उरते. ही उणीव भरायला २०१६-१७ पासून राज्याने सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या याच समाजांतल्या मुलांसाठी स्वाधार योजना आणली, तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार मिळतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आला. कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी सोडवलेला प्रश्न या दोन योजना पुन्हा हाती घेतात. पुढच्या अर्थसंकल्पात फीमाफीच्या आकड्याआधी या दोन योजनांचे लाभार्थी आणि हप्त्यांच्या तारखा विचारल्या जाव्यात.