इंडस-२ चे वळण आणि गॅमा किरणांचा स्फोट

इंदूरच्या राजेंद्रनगरातील मराठी घरांत राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला आजही ‘कॅट’ या जुन्या नावानेच ओळखतात. तेथील इंडस-२ या यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या निर्वात नळीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशवेगाने, सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात आणि चुंबक त्यांची वाट जेथे जेथे वाकवतात, तेथे क्ष-किरण बाहेर पडतात. चिखलातून गेलेल्या सायकलच्या चाकावरून शिंतोडे जसे सरळ स्पर्शरेषेत उडतात, तसेच काहीसे हे आहे. अर्थात ही उपमा फार ताणू नये. या किरणांना सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात.

गॅमा किरणांचा स्फोट म्हणजे दूरच्या अंतराळातून अचानक येणारा, क्ष-किरणांहूनही बलवान किरणांचा झगमगाट. तेथेही असेच प्रारण निघते, पण कोणी चुंबक मांडून ठेवलेले नसतात. प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळला किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांत मिसळले, की द्रव्याचा अरुंद झोत प्रकाशवेगाच्या ९९.९९ टक्क्यांहून अधिक वेगाने निघतो. त्यातील वेगवान थर पुढच्या संथ थरांना गाठून धडकतात, धक्कालहरी उठतात, आणि त्यांच्या आरपार पुनःपुन्हा ये-जा करताना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढत जाते. मग गुंतलेल्या चुंबकीय क्षेत्रात ते वळतात आणि प्रारण सोडतात. झोत आपल्याच दिशेने येत असल्यामुळे त्या प्रारणाची ऊर्जा आपल्याला शेकडो पटींनी वाढलेली दिसते. पहिल्या काही सेकंदांतील झगमगाटाचे श्रेय मात्र सर्वच शास्त्रज्ञ या क्रियेला देत नाहीत. काहींच्या मते तो झोताच्या तप्त पृष्ठभागाचा प्रकाश असावा.

खरी पंचाईत त्याहून वरच्या ऊर्जेची आहे. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटातून आलेले प्रकाशकण ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणींनी टिपले. त्यांतील सर्वाधिक ऊर्जेच्या कणांची ऊर्जा एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट; कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) घरात, म्हणजे इंडस-२ मधील एका इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या सुमारे चारशेपट होती. नुसत्या वळणावर इतकी ऊर्जा मिळणे कठीण, कारण एका मर्यादेपुढे इलेक्ट्रॉन जितके कमावतो त्याहून अधिक वळतानाच गमावतो. म्हणून दुसरी पायरी मानावी लागते: इलेक्ट्रॉनांनी आधी सोडलेल्या प्रकाशकणांनाच पुन्हा वेगवान इलेक्ट्रॉनांची टक्कर बसते आणि ते हजारो, लाखो पटींनी बलवान होऊन निघतात. भौतिकशास्त्रात याला व्यस्त कॉम्प्टन विकिरण असे नाव आहे, आणि त्या स्फोटाच्या नोंदींशी ते चांगले जुळले.