पार्श्वभूमी: गाडीची ‘पासिंग’, एक शब्द आणि तीन कामं

खान्देशात ‘पासिंग’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. ‘एमएच १९ पासिंगची गाडी’ म्हणजे जळगावात नोंद झालेली. ‘काळीपिवळीची पासिंग आली’ म्हणजे भाड्याच्या गाडीच्या फिटनेसची, म्हणजे ती चालवण्यालायक असल्याच्या दाखल्याची, मुदत संपत आली. आणि ‘पंधरा वर्षं झाली, आता पासिंग करावी लागेल’ म्हणजे घरच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण. मोटार वाहन कायद्यात ही तीन कामं तीन कलमांत आहेत: नोंदणी ३९ मध्ये, फिटनेस ५६ मध्ये, नूतनीकरण ४१ मध्ये. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीच्या, मालकाला कधी ‘दरवर्षी पासिंग लागणार’ अशी भीती घातली जाते, ती या तिन्हींची खिचडी करूनच.

फिटनेस जुना आहे. १९३९ च्या कायद्यातही तो होता, पण माल आणि प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांपुरता. १ जुलै १९८९ ला लागू झालेल्या नव्या कायद्याने हीच विभागणी पुढे चालवली. भाड्याच्या नव्या गाडीला पहिली दोन वर्षं काही नाही. त्यानंतर, २०१८ च्या दुरुस्तीपासून, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. खासगी मोटारीला सरळ पंधरा वर्षांची नोंदणी, मग तपासून पाच-पाच वर्षांची वाढ. म्हणजे पंधरा वर्षं तिच्या ब्रेककडे आणि टायरकडे नियमाने कोणी बघतच नाही.

मधल्या काळात उरते ती पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी. तिच्यात आपल्या भागाला एक चमत्कारिक तफावत आली आहे. भारत स्टेज ४, म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरासाठीचा कडक निकष, एप्रिल २०१० मध्ये आला तो तेरा शहरांपुरता. त्यात सुरत, पुणे, सोलापूर होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार नव्हतं. सगळ्या देशात तो सक्तीचा झाला १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०११ ची, एकाच मॉडेलची मोटार सुरतेची असेल तर स्टेज ४ आणि जळगावची असेल तर स्टेज ३ असू शकते. स्टेज ४ ची पीयूसी वर्षभर चालते, स्टेज ३ ची सहा महिने. मर्यादाही वेगळ्या: पेट्रोलला मोकळ्या चालीत (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड स्टेज ३ ला ०.५ टक्के, स्टेज ४ ला ०.३, डिझेलच्या धुराच्या काळेपणाच्या मापाला २.४५ आणि १.६२. जीजे ०५ ची, म्हणजे सुरतेची, जुनी गाडी घेणाऱ्याने मॉडेलच्या सालावर न जाता आरसीवरचा (नोंदणी पुस्तकावरचा) स्टेजचा रकाना वाचावा.

पीयूसीत डिझेल गाडी नापास होते ती अनेकदा थंड इंजिनावर. ऑइल ६० अंशांपर्यंत तापलेलं नसताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धूर काळाच येणार. त्यात एप्रिल-मेच्या धुळीने एअर फिल्टर गच्च असेल तर हवा कमी आणि डिझेल तेवढंच. पेट्रोलमध्ये सायलेन्सरचा जोड सुटलेला असला की बाहेरची हवा आत शिरते आणि स्टेज ४ गाडीचा लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या बाहेर पडतो. बिचारं इंजिन ठीकच असतं.

खरा वाद २०२१ नंतरचा. त्या वर्षी १३ ऑगस्टला भंगार धोरण आलं आणि ‘पंधरा वर्षांची गाडी भंगारात’ ही अफवा गावोगाव गेली. वयावरून सरसकट बंदीचा प्रश्न दिल्ली परिसरातला, तिथल्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांचा. खान्देशात तपासणीत पास झालेली खासगी गाडी वयामुळे थांबत नाही. खिशाला चाट मात्र बसली. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, दुचाकीची ३०० वरून १,०००. उशिराचा दंड मोटारीला महिन्याला ५००. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, पण खळ्यात उभ्या गाडीची आरसी कोण उघडून बघतो? सात महिने उलटले की ८,५०० झालेच. शिवाय राज्याचा पाच वर्षांचा पर्यावरण कर, पेट्रोलला ३,०००, डिझेलला ३,५००.

तपासणीत गाडी अडते ती बारीकसारीक गोष्टींवरून. चेसिस नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर) गंज चढून ठसा उमटत नाही. सीएनजी किट बसवलंय पण आरसीवर नोंद नाही, किंवा सिलिंडरच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) मुदत उलटलेली. कर्ज कधीच फिटलंय, पण बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला नाही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली. पुढे बुलबार, काचांना काळी फिल्म. चेसिस नंबर आधी घासून, ऑइल लावून ठेवला तर अर्धं काम तिथेच होतं.

‘दरवर्षी’च्या भीतीला आधार मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीत. कलम ५६ मध्ये तेव्हा एक पोटकलम घातलं गेलं, सातवं: हे कलम खासगी वाहनांनाही लागू करता येईल. ‘येईल’, एवढंच. स्वयंचलित चाचणी केंद्रांची सक्ती आली ती भाड्याच्या गाड्यांवर, आणि तीही तारखा पुढे ढकलत. खासगी गाडीवर ओझं आलं ते फीच्या वाटेने. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीची फी १०,००० झाली. नंदुरबारात २००३ साली घेतलेली मोटार २०१८ ला ६०० रुपयांत पास झाली, २०२३ ला ५,००० त. दर हाच राहिला तर २०२८ ला १०,००० लागतील, पर्यावरण कर वेगळा.